टिन ओन आजीचं न्हाणं

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, त्यांची नखं काढायची, अशी रीत होती. आधीचे दिवस रस्त्यात एकमेकांवर पाणी उडवून धिंगाणा घालणारी पोरंपोरी त्या सकाळी शहाण्यासारखी विहाराच्या धर्मशाळेत जमत. शिकेकाई आणि तयाव झाडाची साल उकळायचं काम कित्येक वर्षं म्या ती नावाच्या बाईकडे होतं. डोकी धुवायला तिची लेक तिरी सगळ्यांत पुढे असायची.

त्या वर्षी तिरी नव्हती. थंडीत ताप भरला आणि पाच दिवसांत गेली. एकोणीस वर्षांची पोर.

म्या तीने तरीही चूल पेटवली, शेंगा ठेचल्या, लिंबाच्या साली टाकल्या. रडू आलं नाही. तिरी गेल्यापासून काहीच जाणवत नव्हतं. भात भुशासारखा लागे. माणसं बोलत, ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटे.

म्हातारी मंडळी बाकांवर ओळीने बसली.

"हळू गं, चारच केस उरलेत माझे," बा मौंग आजोबा डोकं धुणाऱ्या सू मोनला म्हणाले.

"चार कुठले आजोबा? तीनच आहेत. मोजून दाखवू?"

पोरी फिदीफिदी हसल्या. म्या ती बादल्या भरत राहिली.

कडेच्या बाकावर टिन ओन आजी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिवाळाभर भाचीच्या गावी होती, सणासाठी कालच परतलेली. सू मोनने तांब्या उचलला तसा तिने हात आडवा धरला.

"तू नको बाई, तुझी फार घाई. तिरी कुठाय?"

सू मोनने तांब्या खाली घेतला.

"येऊ दे तिला. तोवर बसते इथेच, पारोशी."

चार मुलगे पोचवलेली बाई ती. आता आणखी एक मरण तिच्या पुढ्यात ठेवायचं, तेही सणाच्या दिवशी. सू मोनचा चेहरा रडवेला झाला. "आजी, तिरी तर..."

म्या तीने तिच्या हातून तांब्या काढून घेतला.

"आले, आजी," ती म्हणाली.

आजीने लगेच मान खाली घातली. म्या तीने कपाळावर आडवा तळवा धरून पाणी सोडलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

"घसा बसलाय का गं? आणि हात किती खरखरीत झाले! आई फार राबवते वाटतं?"

"राबवते."

"सांग तिला, पोरीला इतकं राबवू नये म्हणावं. आणि तुझी आई मला भेटायला का नाही आली? मोठी राणीसाहेब झाली की काय?"

"सांगते."

फेस झाला, उतरला. म्या तीने केस पुसले, विंचरले, सैल अंबाडा घातला. आत कुठे काही हललं नाही. आजीने चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एकशेवीस वर्षं जगशील, तिरी. रोगराई तुझ्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही."

आशीर्वाद मिळाला की गुडघे टेकून नमस्कार करायचा. म्या तीचे गुडघे वाकेनात. पोरी हातातलं काम थांबवून बघत होत्या. आजीचा हात हवेत तसाच, वाट बघत.

मग म्या ती खाली बसली. ओल्या फरशीला कपाळ लावून तिने तीनदा नमस्कार केला आणि लेकीचा आशीर्वाद लेकीच्या नावाने घेतला.

"गुणाची पोर," आजी म्हणाली. "आता नखंही काढून टाक."

म्या तीने आजीचा पाय मांडीवर घेतला.