पाठशाळेच्या कोठीतलं मांजर

सदाशिव पेठेतली नवी पाठशाळा बांधताना कारभाऱ्यांनी चिरे घडीव घेतले, खांब सागवानी घेतले, फक्त अक्कल वापरायची राहिली. धान्याची कोठी शिकवायच्या सोप्याला लागून उजवीकडे काढली आणि अंगणाचं दार डावीकडे. कोठीमुळे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं, आणि त्याची वाट नेमकी गुरू-शिष्यांच्या मधून पडली.

मधून जनावर गेलं की त्या दिवशी वेद म्हणायचा नाही. अनध्याय. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी हा नियम साठ वर्षं पाळला होता.

शास्त्रीबुवांना काशीला जायचं होतं, परत न येण्यासाठी. यात्रेकरूंचा संघ पंचमीला निघणार होता. पण त्यांच्या वेदशाखेचा पाठ पुण्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि माधवाला तो पुरता दिल्याशिवाय निघायचं नाही, हा त्यांचा संकल्प होता. माधव आठव्या वर्षी आईबापांवेगळा होऊन त्यांच्याकडे आला, आता बाविशीचा झाला होता. त्या महिन्यात मांजराने त्यांचे नऊ दिवस खाल्ले.

चतुर्थीला सकाळी शास्त्रीबुवा जरा लवकरच आले. माधव डावीकडच्या खांबाआड द्रोणात दूध ओतत होता. म्हणजे मांजर आपल्या पायाने येत नव्हतं. शास्त्रीबुवा न खोकता मागे फिरले. त्यांना फार भरून आलं होतं, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा पाय धुतले.

पाठाला बसताना त्यांनी मांजर उचलून मांडीवर घेतलं.

"गुरुजी, सोवळ्यात?"

"मांजर कायमचं सोवळंच असतं. म्हण."

माधव म्हणू लागला. मांजर घोरू लागलं. दुपारपर्यंत सगळं झालं, एक ओळ राहिली. तिथे माधव थांबला.

"पुढे?"

"घसा बसलाय, गुरुजी."

"चौदा वर्षांत बसला नव्हता."

माधव खाली मान घालून रडत होता. बाहेर संघाचा माणूस शास्त्रीबुवांची वळकटी न्यायला येऊन उभा होता. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं, माधवाकडे पाहिलं, आणि मांडीवरचे हात काढून घेतले. मांजराने आळस दिला, ते उतरलं आणि दोघांच्या मधून सावकाश खांबाकडे गेलं.

"अनध्याय," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्या गृहस्थांना सांग, संकल्प अपुरा आहे, आमचं येणं होत नाही. नियमापुढे आमचं काय चालणार?"

माधव डोळे पुसत उठला.

"आणि उद्यापासून द्रोण जरा मोठा घे," शास्त्रीबुवा म्हणाले. "एवढ्याशा दुधाने त्याचं काय होतंय!"