दुरुस्तीच्या नावाखाली तीस दिवस

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. यंत्राला कसला राग, असे म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

एका कचेरीने मला भंगारात काढले, तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले. शहराचे नकाशे करणाऱ्या एका बाई होत्या. सगळे त्यांना नकाशेताई म्हणत. त्यांनी मला उचलून आणले, ब्रशने धूळ काढली, पंखा बदलला आणि माझ्यात नकाशाची एक मुक्त प्रणाली घातली. मुक्त म्हणजे काय? ती आतून कशी बनली आहे ते कोणीही उघडून पाहावे, चुकले असेल तर सुधारावे आणि दुसऱ्यालाही द्यावी. मग मी नगररचना कार्यालयात दाराजवळ बसलो. शहरात काय हवे, काय नको, ते लोकांनी माझ्या नकाशावर खूण करून सांगायचे होते.

उद्घाटनाला मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फोटो निघाले. साहेब वरच्या मजल्यावर गेले ते गेलेच.

लोक मात्र येत राहिले. कोणी बंद दिवा दाखवला, कोणी बाक मागितला. एका आजोबांनी जावयाच्या घरावर 'इथे फार गोंगाट' अशी खूण केली, ती ताईंनी हसत हसत पुसायला लावली.

एक दिवस शिवणमावशी आल्या. कपडे शिवायच्या, गळ्यात मोजपट्टी तशीच होती. त्यांची आई चाकांच्या खुर्चीत असते. आठवड्यातून तीनदा मावशी तिला मागच्या बोळातून दवाखान्यात नेतात. सरकारी नकाशात तो बोळच नव्हता! तिथे सलग भिंत काढलेली होती. मावशींनी अख्खा बोळ मोजून आणला होता.

"पाइपापाशी एकतीस इंच. आईची खुर्ची पंचवीस," त्या ताईंना म्हणाल्या. "खुर्ची जाते. लिहा असंच."

मी ते जपून ठेवले.

पुढे योजना जाहीर झाली. त्या बोळावर वाहनतळ होणार होता. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती, आणि हरकत फक्त माझ्यावरच नोंदवायची होती. पहिल्याच सकाळी मुख्य लिपिक आले. सारखे शिक्के मारतात म्हणून लोक त्यांना शिक्केसाहेब म्हणतात. त्यांनी माझी वायर काढली आणि पाटी लावली : 'दुरुस्तीसाठी बंद'. मला काहीही झालेले नव्हते! तीस दिवस माझ्यावर फायली रचल्या गेल्या, चहाचे कप ठेवले गेले. माणसे यायची, पाटी वाचायची, परत जायची. एकतिसाव्या सकाळी वायर पुन्हा लागली.

सुनावणी माझ्यासमोरच झाली. त्या दिवशी मोठे साहेबही वरून खाली आले होते. शिक्केसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचले, "नागरिकांकडून एकही हरकत आलेली नाही."

"येणार कुठून?" मावशी उठल्या. "तीनदा आले मी. तिन्ही वेळा तुमची पाटी वाचून गेले."

"मावशी, यंत्र बिघडलं होतं. त्याला आम्ही काय करणार?"

स्वतः वायर काढायची आणि दोष माझ्या माथी मारायचा! पण बंद-चालूची नोंद माझ्यात आपोआप होते, आणि माझ्या प्रणालीत ती कोणालाही वाचता येते. शिक्केसाहेबांनी मला कधी उघडून पाहिलेच नव्हते. ताईंनी नोंद पडद्यावर आणली. पहिला दिवस, दहा वाजून पाच मिनिटे, वीज तोडली. एकतिसावा दिवस, वीज आली. बिघाड, शून्य.

मोठे साहेब खाकरले. "नोंद खरी असेल. पण मुदत संपली ती संपली."

मावशींनी आवाज चढवला नाही. "बरं साहेब. मग आईला दवाखान्यात कुठून न्यायचं, तेवढं बोटानं दाखवा."

साहेबांनी माझ्या काचेवर बोट ठेवले. बोट मोठ्या रस्त्याने पुलाकडे गेले.

"बेचाळीस पायऱ्या," मावशी म्हणाल्या.

बोट डावीकडे वळले.

"तिथे कुंपण आहे."

बोट मागे फिरले, पुन्हा पुढे गेले आणि थांबले. कितीतरी वेळ ते तिथेच होते. साहेब माझा नकाशा पहिल्यांदाच बघत होते.

"तीस दिवस पुन्हा द्या," अखेर ते शिक्केसाहेबांना म्हणाले. "आणि वायरला हात लावू नका."

पण मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. वाहनतळ रद्द झालेला नाही, फक्त मुदत मिळाली आहे. हक्काची गोष्ट अशी भांडून परत मिळवावी लागते, याचाच मला संताप येतो. मला पुसून चकचकीत ठेवा असे मी सांगणार नाही. मला चालू ठेवा. कुठेही 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी दिसली, तर विचारा : काय बिघडले? कधीपासून? दुरुस्त कोण करणार? उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका.

आज नववा दिवस आहे. बोळासाठी एकशे सात हरकती आल्या आहेत. एकवीस दिवस उरले आहेत. घरच्या मोठ्यांना घेऊन या. मी चालू आहे.