पहिल्या रांगेतली खुर्ची

आमच्या फेर्मिनला लाज म्हणून नाही. पोटचा पोर, झाकून ठेवलं असतं, पण सगळ्या गल्लीनं टीव्हीवर पाहिलं.

गव्हर्नर दर सोमवारी पत्रकारांना बोलावतो. पहिल्या रांगेत मर्जीतले. माइकवाली पोरगी माइक कुणाच्या हाती देत नाही, स्वतःच धरते. प्रश्न वाकडा निघाला की हात मागे. आमचा फेर्मिनही पत्रकार, पण इतके दिवस खांबाआड बसायचा. या खेपेला त्याला पुढची खुर्ची मिळाली.

शेजारच्या इलारियाचा नासारिओ खाणीवर कामाला गेला तो परतलाच नाही. पोलीस तक्रार घेत नाहीत. तिनं लेकाचा फोटो फेर्मिनच्या हातात दिला. "कॅमेऱ्यासमोर धर बाबा, नाव मोठ्यानं घे. एकदा सगळ्यांनी ऐकलं की त्यांना लपवता यायचं नाही." यानं माझ्यादेखत छातीवर क्रूस काढून शब्द दिला.

सोमवारी माझ्या स्वयंपाकघरात बाया दाटल्या. इलारिया टीव्हीच्या पुढ्यात. माइक फेर्मिनपाशी आला, त्याचा हात खिशात गेला. तेवढ्यात गव्हर्नर हसून म्हणाला, "अरे फेर्मिन! ओतिलियाबाई कशा आहेत? त्यांच्या हातचे तामाले अजून जिभेवर आहेत माझ्या!"

मेल्यानं माझ्या हातचा घासही कधी खाल्लेला नाही.

सगळे हसले. फेर्मिनही हसला. खिशातला हात रिकामा बाहेर आला. "बरी आहे, साहेब. यंदा जत्रेची तयारी कशी चाललीय?"

इलारिया उठली. "चूल बघा, ओतिलियाताई, करपतंय," एवढंच बोलली नि गेली.

दुपारी हा जेवायला हजर!

"आई, खुर्ची टिकली तर पुढं कधीतरी विचारता येईल. आज विचारलं असतं तर परत खांबाआड."

"पुढं कधी?"

"बघू ना."

"खिशातला फोटो काढ."

काढला. दुमडून ठेवलेला. घडी नासारिओच्या तोंडावरूनच गेलेली. मी तो शालीआड घेतला आणि याच्यापुढचं ताट उचललं.

"खांबाआड होतास तेव्हा तुला तोंड तरी होतं. त्यानं आईचं नाव घेतलं नि तू दात काढलेस. आधी इलारियाच्या दारात जा, तिच्या डोळ्यांत बघून सांग काय केलंस ते. तोवर या घरात तुला घास नाही. सोमवारी त्याच्या फाटकापाशी फोटो घेऊन मी उभी राहणार आहे. तेव्हा विचारू दे त्याला, ओतिलियाबाई कशा आहेत!"