वीणेचा पहारा

कापडे गावच्या देवळात सप्ताह बसला की वीणा खाली टेकवायची नाही, हा पिढीजात दंडक. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांच्या पायांना हात लावायचा आणि आपला पहारा उभ्याने नाम घेत काढायचा.

हैबतीचा दुपारचा पहारा ठरलेला. यंदा त्याच्या आधीचा पहारा जानूने हट्टाने मागून घेतला. वरंधच्या घाटात दरड कोसळून जानूचा एक पाय गेला, आता तो रबराच्या पायावर चालतो. आणि हसतो! हैबतीला खुपायचं ते हेच. स्वतःचे दोन्ही पाय धडधाकट, पण त्याच्या ओट्यावर कुत्रं फिरकत नव्हतं. जानूच्या पडवीत मात्र जत्रा. कीर्तनकार बुवासुद्धा गावात पाऊल टाकताच विचारायचे, "आमचा जानू कुठाय?"

"बघू किती तग धरतो," म्हणत हैबती मुद्दाम टपरीवर बसून राहिला. पाळीची वेळ टळली. एक चहा झाला, दुसरा झाला. जानू डगमगेल, वीणा खाली टेकवील, सगळ्या गावासमोर... ते चित्र इतकं गोड होतं की चहा बिनसाखरेचा आहे, हेही त्याला कळलं नाही.

तेवढ्यात शेजारची गोदूबाई तणतणत आली. "मेल्या हैबत्या, देवाला तरी भी! तो तिकडं थरथरतोय नि तू चहा ढोसतोस?"

हैबती देवळात शिरला. जानूचा सदरा घामाने अंगाला चिकटलेला, गुडघा लटलटत होता. वीणा मात्र छातीशी ताठ.

वीणा घेऊन हैबती वाकला. हात नेमका रबराच्या पायावर पडला. जानू त्याच्या कानाशी कुजबुजला, "लय उपकार झाले रे."

"टोमणा मारतोस?"

"नाय रे. पाय गेल्यापासनं भेटेल तो 'बस, बस' करतो. तू एकट्यानं मला उभा ठेवलास. आज दीड पहारा गावला मला!"

हैबतीच्या अंगाची लाही झाली. आपण केलेला खोडसाळपणाही या लेकाला प्रसादासारखा लाभावा?

गोदूबाईने खुर्ची ओढून आणली. "टेक रे बाबा जरा."

"ने गो काकी ती खुर्ची," हैबती तारेवर बोट ठेवून खेकसला. "दमला की तो मागंल. आता उभा हाय तो."

"दगड हायस मेल्या, दगड!"

जानू खळखळून हसला आणि टाळ घेऊन हैबतीच्या शेजारीच उभा राहिला. त्या हसण्यात आपलाही थोडा वाटा आहे, हे कळूनसुद्धा हैबतीचा जळफळाट काही थांबेना.