बाळाच्या नावावर

मी व्यायामाची चटई बोलतेय. निळी, फोमची, कडेला जराशी विटलेली. चटईला काय कळतं, असं म्हणून नाक मुरडू नका. बायकांची पाठ माझ्यावर टेकते, त्यामुळे त्यांचं दुखणं मला त्यांच्या घरच्यांआधी कळतं.

कारखान्यातून मी थेट प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत आले. तिथे मोठ्या बाई सुईणींना शिकवायच्या. गरोदर बाईला किती चालायला सांगायचं, बाळंतिणीला ओटीपोटाचे व्यायाम कसे द्यायचे, चक्कर आली तर कुठे थांबवायचं. एक सुईण बाळंतिणीचं सोंग घेऊन माझ्यावर आडवी व्हायची, दुसरी तिला सल्ला द्यायची. आणि एका प्रश्नाला सगळ्या हमखास खिदळायच्या: "खोकताना, हसताना लघवी सुटते का?"

"हसून घ्या," मोठ्या बाई म्हणायच्या, "पण हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाई आपणहून कधीच सांगत नाही. वेळेवर कळलं तर बरं करता येतं."

त्यांतल्या धाकटीला सगळ्या गोडबोली म्हणायच्या. हात मोठा हलका, पण हा प्रश्न आला की मान खाली. "तिच्या सासूबाई शेजारी असताना कसं विचारू हो?"

"त्यांना चहाला पाठव!" मागून एक सुईण म्हणाली.

पुन्हा हशा पिकला. प्रश्न राहिला तो राहिलाच.

शिक्षण संपलं आणि गोडबोलीनं मला काखोटीला मारून बाळंतिणींच्या खोलीत आणलं. तिथे एक शिंपीण यायची, सासूबाईंना आणि बाळाला घेऊन. "ताई, मी दुकानात परत कधी बसू?" हे तिचं रोजचं पालुपद. शिवणयंत्रावर तिचा जीव होता.

एकदा सासूबाईंनी मुलाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, अशी काही नक्कल केली की शिंपीण पोट धरून हसली. आणि मला ओल लागली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं चटकन बाळ उचलून त्या जागेवर ठेवलं.

"अगं बाई, पिल्लानं शू केली वाटतं!" गोडबोली म्हणाली.

बाळाचा लंगोट कोरडा ठणठणीत होता. ते फक्त मला ठाऊक. विचार ना गं, आत्ता विचार! माझा जीव नुसता तळमळला. हात चोळत बसावं, तर मला हातही नाहीत. गोडबोलीनं फडकं फिरवलं आणि पुढचा व्यायाम सुरू केला.

मग शिंपीण यायची, पण हसायची नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "यंत्र विकायला काढलंय हिनं. चार माणसांत बसायला नको म्हणते. आळस, दुसरं काय!"

"घ्या थोडी विश्रांती," गोडबोली गोड बोलली.

शिंपीण दारात थांबली. "ताई..."

"काय गं?"

"काही नाही. येते मी." ती पुन्हा आली नाही.

बाळ बोलू शकत नाही, मीही नाही. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही तरी कुणीतरी गोडबोलीला सांगा हो. आजच एक नवी बाळंतीण माझ्यावर आडवी झाली. खोकली, आणि मला ओल लागली.

गोडबोलीनं आधी बाळाकडेच पाहिलं.