उलटीचा रकाना

चतुराबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून दवाखान्याला साक्षीदार हवा होता. नात्यातला नको, दवाखान्यातला नको, आणि मराठी नीट वाचता येणारा हवा. पुनावळ्यातल्या आमच्या इमारतीत असा मी एकटाच निघालो. मी तीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात काम केलं. शेजाऱ्यांना माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं की हा माणूस सारखा काहीतरी वाचत असतो.

चतुराबाई शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळ बीडकडच्या. नवरा गेल्यावर मुलाला, सुजितला, घेऊन इकडे आल्या आणि डबे करू लागल्या. चाकणला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या चाळीस मुलांचे डबे त्या पहाटे भरायच्या, कारण कंपनीची बस साडेपाचला हायवेवर येते. वजन चौऱ्याण्णव किलो, साखर कधी तीनशेच्या खाली नाही. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली आणि दवाखान्यातल्याच डॉक्टरांनी त्यांना संशोधन विभागात पाठवलं.

औषध नवीन होतं. वजन, साखर आणि यकृतावरची चरबी, तिन्हींवर एकच इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, पोटात. त्या विभागाच्या डॉक्टर योगिनी सगळं समजावून सांगत होत्या आणि संमतीची नोंद म्हणून समोर कॅमेरा चालू होता. प्रयोगशाळेत उंदरांना गुण आला आहे, काही निरोगी माणसांना देऊन पाहिलं आहे, आता ज्यांना खरोखर आजार आहे त्यांना देऊन पाहायचं आहे.

"म्हंजी उंदरांचं झालं, आता माजा नंबर," चतुराबाई पदर सारखा करत म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आलं. "तुम्हाला कधीही नको वाटलं, तर सोडून द्या. कुणी रागावणार नाही."

"आन तुमाला नको वाटलं तर?"

"तुम्हाला जास्त त्रास व्हायला लागला, तर आम्ही औषध थांबवू."

चतुराबाईंनी संमतीपत्रावर अंगठा उठवला, खाली मी सही केली. त्याच्या पंधरा पानांमधलं त्यांच्या लक्षात राहिलं ते हे शेवटचं वाक्य.

रोज भरायचा एक तक्ता मिळाला होता. सकाळी, दुपारी, रात्री काय खाल्लं, आणि पुढे तीन रकाने: मळमळ, उलटी, पोटदुखी. हो किंवा नाही. तो भरायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. संध्याकाळी भाजी निवडून झाली की त्या मला हाक मारायच्या.

"काका, या. माजी परीक्षा घ्या."

पहिल्या दिवशी मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?" चाळीस जणांना जेवू घालणारी ही बाई स्वतः कधी पानावर बसत नव्हती. भाजीची चव बघताना दोन घास, तव्यावरची करपलेली पोळी, परत आलेल्या डब्यांतलं उरलेलं. एवढ्यावर वजन कसं वाढतं याचं त्यांना नवल वाटायचं.

"बावन्न वर्सांत मला कुणी इचारलं न्हाई, चतुरा, तू काय खाल्लंस," त्या म्हणाल्या. पुढे थट्टेवर नेलं, "ह्या इंजेक्शनपायी तरी इचारत्यात."

दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. साखर दीडशेवर आली. परत आलेले डबे घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना त्या मध्ये थांबेनाशा झाल्या. दर गुरुवारी तपासणी झाली की आकडे सांगायच्या आणि मी कागदावरून ते पडताळून पाहायचो.

मग उलट्या सुरू झाल्या. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकेरी विटेची भिंत आहे. पहाटे चारच्या सुमाराला नळाचा आवाज यायचा आणि त्याखाली दाबलेली उलटी ऐकू यायची. त्या संध्याकाळी मी तक्ता उघडला.

"मळमळ?"

"न्हाई."

"उलटी?"

"न्हाई म्हनते ना."

मी पेन धरून बसलो. "चतुराबाई, मला पहाटे वाटलं..."

"काय वाटलं?" त्यांनी गवारीच्या शेंगा बाजूला सारल्या. "काका, ह्याच औषधावरची थेरगावची ती बाई म्हायती हाय ना? पोटात दुखतंय म्हनली आन दुसऱ्या आठवड्यात तिचं इंजेक्शन बंद. माज्या आईचा पाय साखरंनं कापला. मी बघितलाय. मला ह्यातून काडू नका."

मी 'नाही' लिहिलं.

साक्षीदाराने आपलं डोकं चालवायचं नसतं, बाई सांगेल तेच लिहायचं, अशी मी माझी समजूत घातली. शिवाय ऐकण्यात आपली चूक होत असेल, अशी शंका मला प्रत्येक गोष्टीत येतेच. इथे ती फार सोयीची पडली. दहा-बारा दिवसांनी मी पहाटे रेडिओ लावू लागलो. भक्तिगीतं ऐकायची सवय मला आधी नव्हती.

असे सहा आठवडे गेले. दर गुरुवारी मी तक्ते द्यायला सोबत जायचो, तेव्हा ते गोळा करणारी दवाखान्यातली मुलगी, वर्षाली, म्हणायची, "काका, तुमचं अक्षर किती सुरेख! आणि बाईंना काहीच त्रास नाही. छान चाललंय." मी मान खाली घालून उभा राहायचो.

एका मंगळवारी सकाळी सुजित दार वाजवत आला. चतुराबाई ओट्यापाशी दुमडून पडल्या होत्या. दुखणं पोटातून पाठीत गेलं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. रिक्षाने दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाला सूज आली होती.

डॉक्टर योगिनी धावत आल्या. त्यांच्या हातात आमचे तक्ते होते.

"पोटात कधीपासून दुखतंय?"

"आजच," चतुराबाई म्हणाल्या.

"उलट्या?"

"आजच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पलंगावरून चतुराबाईही पाहत होत्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी.

"सहा आठवडे," मी म्हणालो. "दुखण्याचं ठाऊक नाही. उलट्या सहा आठवड्यांपासून होत आहेत."

"मग इथे 'नाही' का लिहिलंय?"

डॉक्टर ओरडल्या नाहीत. "पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर मी इंजेक्शन थांबवलं असतं, काका. एवढंच करायचं होतं," असं म्हणून त्या निघून गेल्या. मी बाहेर बाकावर येऊन बसलो, तेव्हा सुजित शेजारून उठला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

चतुराबाई वाचल्या. चोवीस दिवस दवाखान्यात काढले. स्वादुपिंडाचा काही भाग कायमचा गेला, आता दिवसातून तीनदा इन्शुलिन घ्यावं लागतं. संशोधनातून अर्थातच नाव निघालं. खर्च दवाखान्याने केला, पण डबे बंद पडले. चाकणची मुलं दुसरीकडे जेवू लागली.

महिन्याभराने वर्षाली आमच्या इमारतीत आली. तक्त्यांचा गठ्ठा तिने माझ्यापुढे ठेवला.

"ज्यांनी लिहिलंय त्यांनीच दुरुस्त करायचं असतं, काका. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते, सही आणि आजची तारीख."

गठ्ठा घेऊन मी शेजारी गेलो. चतुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती.

"उलट्या कोणत्या दिवशी झाल्या, तेवढं आठवेल का? हे औषध पुढे दुसऱ्या बायकांना देतील. आपल्याकडून 'नाही' असं गेलंय."

त्यांनी कागदांकडे पाहिलं.

"लिवा की तुमच्या मनानं," त्या म्हणाल्या. "आदीबी तुमीच लिवलंत."

त्यांनी तोंड फिरवलं. मी गठ्ठा घेऊन परत आलो.

माझ्या खोलीत वर्षाली पाणी पीत बसली होती. बेचाळीस दिवसांपैकी पहाटेचा आवाज मी स्वतः ऐकला असे अकरा दिवस मला खात्रीने सांगता येत होते. ते सगळे रेडिओच्या आधीचे. तिथे मी रेघा मारल्या, 'हो' लिहिलं, सह्या केल्या.

"बाकीचे एकतीस?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "तसं लिहू का?"

"बाजूला शेरा लिहा हवं तर. पण संगणकात 'हो' किंवा 'नाही' एवढंच भरता येतं, काका. तुम्ही 'हो' म्हणाल तर ते खरं असायला पाहिजे."

मी एकेक पान उलटून पाहिलं. प्रत्येक दिवशी माझ्याच अक्षरात, गोलसर, नीट, 'नाही' होतं. खोडायला माझ्याकडे काही आधार नव्हता. वर्षालीने कागद पिशवीत घातले. ते एकतीस दिवस 'नाही' असेच गेले.