सित्तुहुमचा मेहेर

या, पुढे सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही, आणि मला ओरडून सांगता यायची नाही. आस्वानजवळच्या आमच्या दराव स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला किनावी, त्याची दोन कासवं आणि त्यांचं मोल, एवढीच गोष्ट आहे. पण ऐकून उठाल तेव्हा ताठ मानेनं उठाल, हा माझा शब्द.

तर बाजार भरला होता. उंटांच्या रांगा संपतात आणि कोंबड्यांच्या पाट्या सुरू होतात, तिथे किनावी एकदम उभा राहिला. मी मागून त्याच्यावर आदळलोच.

"उस्ताद," तो म्हणाला, "ती बघा. आपली बदरिया."

मी स्टेशनात तिकिटं देत असे आणि चार अक्षरं लिहीत असे, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. पाहतो तर खरंच बदरिया. कवचाच्या कडेला भोक पाडून दोर ओवलेला, दोर लोखंडी खुंटीला बांधलेला, आणि पाठीवर खडूनं लिहिलेलं : तीन हजार.

अकराच दिवसांपूर्वी किनावीनं तिला एका माणसाच्या स्वाधीन केलं होतं. फुकट. गळ्यात जपमाळ, डोळ्यांत पाणी असा तो माणूस. "लेकराबाळांचं घर आहे, जीव लावू," म्हणाला. किनावीनं त्याला चहा पाजला, वर बरसीम घासाच्या दोन पेंढ्या दिल्या. देवाच्या जिवाचे पैसे घेत नाहीत, असं त्याचं म्हणणं. आज तो जपमाळवाला कुठे दिसत नव्हता. बदरिया चौथ्या हातात होती.

"कितीला?" किनावीनं विचारलं.

"पाठीवर लिहिलंय की, अम्म. वाचता येत नाही का?" विकणारा म्हणाला. अम्म म्हणजे आमच्याकडे काका.

"नाही येत. आणि ही माझी मुलगी आहे."

"मग सोडवा मुलीला! बापानं काय घासाघीस करायची?"

आजूबाजूचे हसले. किनावीनं आयुष्यात टोमॅटोसुद्धा भाव पाडल्याशिवाय घेतले नव्हते. पण त्या दिवशी त्यानं निवृत्तीच्या पैशांतले तीन हजार पौंड मुकाट काढून दिले. मग खाली बसला, दोर सोडला आणि डोक्याच्या फेट्याचं टोक थुंकीनं ओलं करून पाठीवरचा खडू पुसू लागला. पुसता पुसता म्हणाला, "चूक माझी. फुकट दिलेल्या जिवाला कुणी खुंटीला बांधतं, कुणी सुरीला. उद्या एखादा हिचा रस्सा करून प्याला असता."

एकतीस वर्षांपूर्वी सुदानहून उंट घेऊन आलेल्या कुणीतरी त्याला तळहातावर मावतील अशी ही दोन पिलं दिली होती. थोरली सित्तुहुम आता सत्तर किलोची झाली होती, बदरिया पंचावन्नची. किनावी सांधे बदलायला निघाला की दोघी कुंपणापर्यंत पोचवायला यायच्या. रेल्वेच्या त्या क्वार्टरची मागची भिंत त्यांनी दोनदा पोखरली. साहेब पाहणीला आले तेव्हा किनावीनं सांगितलं, "भिंतीचं वय झालंय, साहेब." पुढच्याच पावलाला साहेब सित्तुहुमच्या बिळात गुडघ्यापर्यंत गेले.

आता वय किनावीचं झालं होतं. क्वार्टर महिनाअखेरीस सोडायचं होतं, आणि राहायला जायचं होतं आस्वानला, मुलीकडे, चौथ्या मजल्यावर. तिथे सत्तर किलोची सित्तुहुम जिना कसा चढणार? दोघींना घर शोधायला वीस दिवस राहिले होते.

बाजारची बातमी त्याच्या आधी घरी पोचली. मुलगी नजात आवराआवरीला आली होती.

"बा, तुम्हाला सांगून थकले. पैसे घ्या, भरपूर घ्या. पैसे मोजलेली वस्तू माणूस जपतो."

"वस्तू म्हणालीस ना, तिथेच बिनसलं."

दुसऱ्याच दिवशी एक पाहुणा मोटार घेऊन आला. नदीकाठच्या हॉटेलासाठी त्याला सित्तुहुम हवी होती. पंचवीस हजार द्यायला तयार. नजात दारामागून हातवारे करत होती.

"तिथे तिला करायचं काय असेल?" किनावीनं विचारलं.

"काही नाही हो. पाहुण्यांची पोरं पाठीवर बसतील, फोटो काढतील. अन् नाव बदलू. सित्तुहुम म्हणजे सगळ्यांची मालकीण, हे कुठलं नाव कासवाला!"

किनावीनं चहाचा पेला त्याच्या हातातून काढून घेतला. अर्धा भरलेला होता. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

"पंचवीस हजार!" मोटार गेल्यावर नजात रडवेली झाली. "वर्षभराच्या पेन्शनीला भारी होते, बा. फुकटही द्यायचं नाही, विकायचंही नाही, मग काय त्यांना पाठीवर घेऊन चौथा मजला चढणार आहात?"

किनावी उठून दोघींना घास टाकायला गेला.

शुक्रवारी नमाजानंतर आमचे शेख सालमान मशिदीच्या अंगणात बसून डफाच्या ठेक्यावर बोध गात असत. मला तर त्या गाण्यात बसलं की घर आठवत नाही. त्या दिवशी त्यांनी ठेवीचं गाणं घेतलं होतं. देवानं तुझ्याकडे ठेव ठेवली, माणसा. तो तुला किती मिळाले हे विचारणार नाही, कुणाच्या हाती दिलीस हे विचारील. लोक डोलत होते. किनावीनं मात्र माझं मनगट धरलं.

"उस्ताद, नजातला मी फुकट दिली का?"

"छे."

"मग विकली?"

"तोबा, तोबा! मेहेर ठरवून दिलीत."

"मग ह्या दोघींनी काय घोडं मारलंय?"

मेहेर म्हणजे लग्नात नवऱ्यानं मुलीला द्यायचं धन. त्याचे आमच्याकडे दोन भाग. पहिला हातात ठेवायचा, तो बहुतेक नावापुरता. दुसरा मागाहूनचा : नवऱ्यानं मुलीला टाकलं तर मोजायचा. हा मात्र भारी ठेवतात. तो घेण्यासाठी नसतोच, धाकासाठी असतो. शिवाय मुलीबरोबर जाणाऱ्या सामानाची यादी, तीवर सासरच्याची सही.

शेखांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे किनावी, निकाहाची थट्टा करतोस?"

"निकाह कुठे म्हणतोय, शेख? कागदाचा साचा तेवढा उसना द्या."

मग शेखांची दाढी हसू लागली. "ने. साच्यानं देवाचं काही झिजत नाही."

कागद मी लिहिला. दोघी बहिणी एकाच घरी जातील. पहिला मेहेर, प्रत्येकीचा एक पौंड. मागाहूनचा, प्रत्येकीचा पन्नास हजार. विकलं, टाकलं, कापलं किंवा पाठीवर कुणाला बसवलं, तर देणं लागू. सामान : दगडी डोणी एक, सावलीसाठी रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर सहा.

गाव आठवडाभर हसलं. एक गिऱ्हाईक आलं, कागद ऐकून आल्या पावली परत गेलं. दुसऱ्यानं पहिला मेहेर एकाचा शंभर करायची तयारी दाखवली, पण मागाहूनचा पन्नास हजारांवरून पाच हजारांवर आणा म्हणून दोन तास बसला. किनावीनं त्याला हात जोडले. मला म्हणाला, "पाच हजारांवर आला म्हणजे विकायचं आत्ताच ठरलंय त्याचं."

आणि मग पलीकडच्या तीरावरून वहीबा आली. विधवा बाई, खजुराची वाडी एकटीनं सांभाळणारी. तिच्या जिभेला सगळे नावाडी टरकून असत.

"तूच का तो, कासवांना नवरा शोधणारा?"

"नवरा नाही, बाई. सासर."

"बघू दे मुली." वहीबा सित्तुहुमपुढे बसली. पाठीवर थाप मारली नाही, ओढलं नाही. हात जमिनीवर ठेवून वाट पाहिली. सित्तुहुमनं हात हुंगला.

"भिंतीचा पाया किती खोल?" किनावीनं विचारलं.

"दोन हात."

"ही चार हात खणते."

बाई उठली आणि चालू लागली. किनावीचा चेहरा पडला. आता सातच दिवस राहिले होते. पण चौथ्या दिवशी ती परत आली, नखांत माती, झग्याचा घेर चिखलानं भरलेला.

"चार हात दगड घातलाय. चल, पाहून घे."

आम्ही नावेतून गेलो. किनावीनं भिंतीच्या पायाशी काठी खुपसून खोली मोजली, चारी बाजूंनी. मग तिथेच खजुराखाली बसून मी कागद वाचला. मागाहूनच्या मेहेरापाशी वहीबानं मला थांबवलं.

"किती म्हणालास?"

"पन्नास हजार."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. किनावीची काठीवरची बोटं पांढरी पडली. हीही घासाघीस करणार, आणि मग पुढे कोण?

"साठ लिही," वहीबा म्हणाली.

"का, बाई?"

"जे मी कधी द्यायचीच नाही, त्यात कंजूसपणा कशाला करू? आणि माझ्या घरात पन्नासाची सून येत नाही. लोक काय म्हणतील मला!"

तिनं अंगठा उठवला. किनावीनं उठवला. दोघंही एकमेकांकडे असे बघत होते, जसे दोन तालेवार व्याही बघतात.

पाठवणी भर दुपारी झाली. स्टेशनच्या सामानगाडीवरून घाटापर्यंत, मग आठ जणांनी चादरीत उचलून नावेत. जे हसत होते तेच हात लावायला आले. किनावी घाटावर उभा राहिला. मुलीचा बाप नावेत चढत नाही.

पण दुसरी सकाळ माहेरच्यांची असते. माहेरचे डोक्यावर ताटं घेऊन मुलीच्या सासरी जातात. किनावीनं रेल्वेचा काळा कोट इस्त्री करवून घेतला, पितळी बटणं राखेनं घासली आणि डोक्यावर ओल्या बरसीमचा हा एवढा भारा घेऊन नावेत बसला. नजात मागे टोपली घेऊन. वाडीच्या दारात वहीबाच्या घरच्या बायकांनी जीभ वळवून मंगल कल्लोळ केला. थट्टेनं सुरू केला असेल, पण त्या म्हाताऱ्याची चाल पाहून थट्टा कुठल्या कुठे गेली.

सित्तुहुम भिंतीकडेला खणत होती. रात्रीतून कंबरभर बीळ केलं होतं. बदरिया मागे उभी राहून माती बाजूला सारत होती. किनावीनं भारा पुढ्यात ठेवला आणि हाक मारली. सित्तुहुमनं घास हुंगला, तोंड फिरवलं आणि पुन्हा मातीत डोकं घातलं.

वहीबा ओशाळली. "ऊन लागलंय तिला, अम्म. नाहीतर ओळखलं असतं."

"ओळखलंय, बाई," किनावी म्हणाला. "घर बांधतेय. कामात आहे."

त्यानं कोटाचं वरचं बटण लावलं, मानाच्या व्याह्यासारखा खजुराखालच्या बाजेवर बसला आणि तीन पेले चहा घेतला, तिन्ही गोड. तिन्ही वेळा पेला दोन्ही हातांनी धरून. नजात सांगते, परतताना नावेत तो वाडीकडे पाठ करून बसला आणि तसाच आस्वानला गेला.

चौथ्या मजल्यावर तो दोन हिवाळे जगला. वहीबाच्या वाडीत त्या दोघी अजून आहेत, आणि साठ हजार मागायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

आता उठण्याआधी एवढं करा. हात वर करा आणि गेलेल्यासाठी म्हणतात तशी एक फातिहा म्हणा, दराव स्टेशनच्या सांधेवाल्या किनावीच्या नावानं.